कणीची तीट

ऐका हं. कान इकडे. डोळे इकडे. हात मांडीवर.

एक होतं अंगण. अंगणात एक खुराडं. खुराड्यात एक कोंबडी. तिचं नाव भुरी. भुरीला पिल्लं सात. सहा होती मोठी मोठी. म्हणजे लिंबाएवढी. आणि सातवी होती कणी.

तांदूळ निवडताना कणी निघते ना? तेवढीशी. म्हणून तिचं नाव कणी. अंग हळदीसारखं पिवळं. पाय काडीचे. ती चालायची कशी? तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

आज अंगणात गडबड होती. आज फोटो होता. आई, बाबा आणि सात पिल्लं, सगळ्यांचा एक फोटो.

फोटो काढायला आले होते बगळेमामा. ते वर्षातून एकदाच यायचे. गळ्यात कॅमेरा अडकवायचे. एक पाय वर घ्यायचे. आणि उभे राहायचे. मामा हलायचे नाहीत, म्हणून फोटोही हलायचा नाही.

बगळेमामा म्हणाले, "ऊन आहे तोवर फोटो. चिंचेची सावली माझ्या पायाशी आली की मी निघालो तळ्यावर. मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तर कणी मोठी कोंबडी होणार. मग एवढीशी पिवळी कणी कुठल्याच फोटोत दिसणार नाही.

भुरीआई पहाटेपासून राबत होती. तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"पाय पुसा. चोच पुसा. पाठ पुसा. फोटोत घाण दिसते."

मग आईनं काजळाची डबी काढली. फोटो म्हटलं की सगळे बघणार. सगळे बघणार म्हणजे दृष्ट लागणार. म्हणून प्रत्येकाच्या गालाला एक काळी तीट. पहिल्याला तीट. दुसऱ्याला तीट. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला, सहाव्याला तीट. डबी संपत आली. आईनं पंखाचं टोक फिरवलं, खरवडून खरवडून शेवटचं काजळ काढलं, आणि कणीच्या गालाला तीट लावली.

डबी झाली रिकामी.

कणी गेली पाण्याच्या परातीशी. तुरुतुरु टुक. तिनं पाण्यात पाहिलं. पाण्यात एक पिवळं पिल्लू. पिल्लाच्या गालावर एक काळा डाग.

"अगं बाई, घाण," कणी म्हणाली. "फोटोत घाण दिसते."

कणीनं गाल पाण्यात बुडवला. डुबुक. गाल मातीवर घासला. खस खस. परत बुडवला. डुबुक. डाग गेला.

"आई, आई, बघ. मी किती स्वच्छ."

आईनं बघितलं. आई बघतच राहिली.

"कणे, तुझी तीट कुठाय?"

"तीट? मी तर घाण पुसली."

"घाण नव्हती गं बाई. तीच तुझी तीट होती."

कणीनं गाल पुढे केला. "मग परत लाव ना."

"डबी रिकामी आहे, राणी. आणि तीट नाही, तर फोटो नाही. तू काजळ आण, मी तीट लावते."

"तूच आण ना काजळ."

आई जरा उठली. लगेच सहाच्या सहा पिल्लं मातीत लोळली. आई परत बसली. तिनं सहाच्या सहा पिल्लं परत पुसली. आईला कुठलं जाता येतंय? लेकुरवाळ्या बाईला श्वास घ्यायला सवड नसते, मग काजळाला कुठली असणार?

मग कणीच निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

चुलीजवळ होता कोनाडा. कोनाड्यात होती पणती. पणतीची ज्योत कशी? मिणमिण मिणमिण.

कणी म्हणाली,

"पणतीताई, पणतीताई, काजळ दे.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

पणती म्हणाली, "देईन हो. पण काजळ धरायला ज्योत हवी मोठी. आणि माझं तेल तर संपत आलंय. आधी तेल आण, मग काजळ."

कणीनं वळून पाहिलं. चिंचेची सावली विहिरीशी आली होती. सर सर. बगळेमामांनी पाय बदलला.

कणी निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

अंगणामागे होता तेलाचा घाणा. घाण्याला होता बैल. बैल फिरला की घाणा फिरायचा. करकर करकर. घाणा फिरला की तेल निघायचं. पण आज बैल बसला होता. घाणा गप्प.

कणी म्हणाली,

"बैलमामा, बैलमामा, तेल दे.
तेल पणतीला देईन,
पणती काजळ देईल.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

बैल म्हणाला, "फोटू? आज फोटू हाय व्हय? आन् मला कुनी सांगितलं न्हाई. मी बी येनार. पन असा उघडा कसा येऊ? माझी झूल आन. लाल झूल. आधी झूल, मग त्याल."

अरेच्चा. आता बैलालाही फोटोत यायचंय.

चिंचेची सावली गवताच्या गंजीशी आली. सर सर. बगळेमामांनी पाय बदलला.

कणी निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

गोठ्यात होती लाल झूल. झुलीवर होता बोका. आडवा. पोट वर. डोळे बंद. घुर्र घुर्र.

घाबरू नका. बोका पिल्लांना काही करायचा नाही. भुरीआईनं एकदा त्याच्या नाकावर चोच मारली होती. तेव्हापासून तो फार शहाणा झाला होता.

कणी म्हणाली,

"बोकेदादा, बोकेदादा, झूल दे.
झूल बैलाला देईन,
बैल तेल देईल.
तेल पणतीला देईन,
पणती काजळ देईल.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

बोक्यानं एक डोळा उघडला. "फोटो? मग मी पण येतो. माझ्याशिवाय फोटो म्हणजे मिठाशिवाय भाजी."

"मग ऊठ ना."

"उठलो असतो गं. पण मिशा बघ. एक इकडे, एक तिकडे. अशा मिशांनी फोटोत यायचं? फणी आण. आधी फणी, मग झूल." आणि त्यानं डोळा मिटला. घुर्र घुर्र.

चिंचेची सावली धुण्याच्या दगडाशी आली. सर सर. बगळेमामांनी पाय बदलला.

कणी निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

कुंपणाशी होती शेळी. शेळीच्या तोंडात होती फणी. शेळी फणी चघळत होती. कुडुम कुडुम. शेळी काय, काहीही चघळते.

कणी म्हणाली,

"शेळीमावशी, शेळीमावशी, फणी दे.
फणी बोक्याला देईन,
बोका झूल देईल.
झूल बैलाला देईन,
बैल तेल देईल.
तेल पणतीला देईन,
पणती काजळ देईल.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

शेळी म्हणाली, "मेंऽऽ. फोटो आहे? मग मेंऽऽ पण येणार. पण माझी दाढी बघितलीस? नुसती वाऱ्यावर उडते. दाढीला रिबीन हवी. लाल रिबीन. आधी रिबीन, मग फणी." कुडुम कुडुम.

"तोवर फणी खाऊ नको हं मावशी."

"नाही खात," शेळी म्हणाली. कुडुम. "एकच दात खाल्ला."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. कणीच्या फोटोला तितकीच.

चिंचेची सावली तुळशीशी आली. सर सर. बगळेमामांनी पाय बदलला.

कणी निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक. पाय दुखायला लागले होते. तरी तुरुतुरु टुक.

बाभळीच्या फांदीला लटकत होतं घरटं. घरटं सुगरणकाकूचं. गवताच्या काडीत काडी, काडीत काडी. आणि मधेच विणलेली एक लाल रिबीन. कुणाची तरी वेणी सुटली असेल, रिबीन पडली असेल, काकूनं उचलली असेल. सुगरणीचं घर म्हणजे असंच, काही वाया जात नाही.

कणी म्हणाली,

"सुगरणकाकू, सुगरणकाकू, रिबीन दे.
रिबीन शेळीला देईन,
शेळी फणी देईल.
फणी बोक्याला देईन,
बोका झूल देईल.
झूल बैलाला देईन,
बैल तेल देईल.
तेल पणतीला देईन,
पणती काजळ देईल.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

सुगरणकाकूनं घरट्यातून डोकं बाहेर काढलं. "अगो, रिबीन काढली तर घरट्याला भोक पडेल. भोकातून वारा येईल. माझी अंडी गारठतील. एक पीस आण. पिसानं भोक बुजवीन. आधी पीस, मग रिबीन. आणि हो, फोटोत मीही येणार."

पीस? कणी हसली. पीस म्हणजे सोपं काम. बाबांना केवढी पिसं आहेत.

चिंचेची सावली परातीशी आली. सर सर. बगळेमामांनी पाय बदलला.

कणी निघाली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

भिंतीवर होते बाबा. म्हणजे कोंबडा. लाल तुरा. हिरवी मान. आणि शेपूट? शेपूट निळी, काळी, हिरवी, सोनेरी. बाबा सकाळपासून फोटोची तयारी करत होते. म्हणजे काय करत होते? एकदा इकडे मान. एकदा तिकडे मान. बास. बाकी सगळं आई करत होती.

कणीनं मोठा श्वास घेतला. आणि म्हणाली,

"बाबा, बाबा, पीस द्या.
पीस सुगरणीला देईन,
सुगरण रिबीन देईल.
रिबीन शेळीला देईन,
शेळी फणी देईल.
फणी बोक्याला देईन,
बोका झूल देईल.
झूल बैलाला देईन,
बैल तेल देईल.
तेल पणतीला देईन,
पणती काजळ देईल.
काजळ आईला देईन,
आई तीट लावील.
तीट लागली की फोटो.
फोटोत मी."

बाबांनी मान इकडे केली. बाबांनी मान तिकडे केली.

"पीस? फोटोच्या दिवशी पीस? छे छे. शेपूट बिघडेल."

"एकच, बाबा."

"उद्या ये," बाबा म्हणाले. "उद्या देईन. उद्या दोन देईन."

उद्या? उद्या पीस मिळून काय करायचं? फोटो तर आज होता.

पणतीनं तेल मागितलं. बैलानं झूल मागितली. बोक्यानं फणी, शेळीनं रिबीन, सुगरणीनं पीस मागितलं. बाबांनी काहीच मागितलं नाही. बाबा नुसतं नाही म्हणाले. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

कणी भिंतीखाली बसली. तिला रडू आलं. खूप रडू आलं. चिव चिव चिव. अंगणाच्या त्या टोकाला सहा भावंडं रांगेत उभी होती. रांगेत एक जागा रिकामी होती. ती जागा एवढीशी होती. ती जागा कणीची होती.

कणीनं डोळे पुसले. पंखानं पुसले. पुसताना पंख डोळ्यासमोर आला. पंख कसला, नुसती पिवळी लव. मऊ मऊ.

कणीनं लवीकडे पाहिलं. परत पाहिलं. मग ती उठली आणि धावत सुटली. तुरुतुरु टुक, तुरुतुरु टुक, तुरुतुरु टुक.

"सुगरणकाकू, मला पीस नाही. मी अजून लहान आहे. पण माझी लव चालेल का?"

सुगरणकाकू म्हणाली, "तुला दुखेल, बाळा."

कणी म्हणाली, "दुखू दे."

तिनं मान वळवली. डोळे घट्ट मिटले. आणि स्वतःच्या शेपटीची लव ओढली.

टुप्. आई गं.

टुप्. आई गं.

टुप्. झालं.

तीन चिमटी पिवळी लव. सुगरणकाकूनं चोचीत घेतली. अंड्यांजवळ लावली. मऊ आणि उबदार. आता भोक पडलं तरी वारा येणार नव्हता.

"पिसाहून छान गं माझी बाय," काकू म्हणाली. तिनं रिबीन सोडली. सुळ सुळ सुळ.

आता बघा कशी गंमत झाली.

कणीनं रिबीन शेळीला दिली. शेळीनं दाढीला बांधली. मेंऽऽ. शेळीनं फणी दिली. फणीचे तीन दात गायब होते. कुणी खाल्ले, ते तुम्हाला माहीत आहे.

कणीनं फणी बोक्याला दिली. बोक्यानं मिशा विंचरल्या. एक इकडे, एक इकडे. एक तिकडे, एक तिकडे. मग बोका उठला. एकदाचा उठला.

बोक्यानं झूल दिली. झूल केवढी मोठी. कणी केवढीशी. झूल कणीच्या अंगावर पडली. कणी दिसेनाशी झाली. आणि मग झूल आपली आपणच चालायला लागली. तुरुतुरु टुक. तुरुतुरु टुक.

कणीनं झूल बैलाला दिली. बैलानं झूल पाठीवर घेतली. "आता कसं झ्याक वाटतंय." बैल उठला. घाणा फिरला. करकर करकर. तेलाची धार पडली. टप टप टप. पानाच्या द्रोणात तेल.

कणीनं तेल पणतीला दिलं. पणती तेल प्यायली. गटक. ज्योत मोठी झाली. भक भक. पणतीनं एक वाटी उपडी करून डोक्यावर घेतली. टोपीसारखी. वाटीत धूर. धुराचं काजळ. काळं काळं, मऊ मऊ.

कणीनं काजळाची वाटी आईला दिली.

"आणलंस गं माझ्या सोन्या," आई म्हणाली. आईनं कणीला पंखाखाली घेतलं. मग पंखाचं टोक काजळात बुडवलं. आणि कणीच्या गालाला लावलं.

टिक्.

तीट लागली.

चिंचेची सावली कुठे होती? बगळेमामांच्या पायापाशी. फक्त दोन बोटं लांब.

"चला चला चला," बगळेमामा म्हणाले. "उभे राहा. हलू नका."

आई उभी राहिली. सहा पिल्लं उभी राहिली. मागे बैल उभा राहिला, झूल घालून. शेळी आली, रिबीन लावून. बोका आला, मिशा विंचरून. सुगरणकाकू बैलाच्या शिंगावर बसली. पणतीताई कोनाड्यातून दिसत होती. बाबा भिंतीवरून उतरले आणि मधोमध उभे राहिले. मान इकडे. मान तिकडे. आणि त्या एवढ्याशा रिकाम्या जागेत कणी.

आईनं सगळ्यांकडे बघितलं. "अगं बाई. किती छान दिसताय सगळे. दृष्ट लागेल की."

झालं. बैल घाबरला. शेळी घाबरली. बोक्याच्या मिशा थरथरल्या.

"मलाबी तीट."

"मेंऽऽलाही तीट."

"मला, मला."

वाटी होती कणीजवळ. कणी धावली. बैलाच्या पायाला, टिक्. शेळीच्या गालाला, टिक्. बोक्याच्या नाकाला, टिक्. सुगरणकाकू खाली आली, तिलाही टिक्. पणतीताईला नको. दिव्याखाली आधीच काळं असतं.

मग कुणीतरी खाकरलं. अहं अहं.

बाबा.

"कणे," बाबा हळूच म्हणाले. "मला पण लाव की."

कणीनं मान इकडे केली. कणीनं मान तिकडे केली.

"उद्या या, बाबा. उद्या लावीन. उद्या दोन लावीन."

बैलानं बोक्याकडे बघितलं. बोक्यानं शेळीकडे बघितलं. बगळेमामा एका पायावर डुलायला लागले. भुरीआईनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. आई हसत होती.

बाबांचा तुरा आधीच लाल. आता बाबाही लाल झाले. त्यांनी शेपटीकडे बघितलं. मग कणीच्या शेपटीकडे बघितलं. तिथे लव नव्हती. तिथे लहानसं गुलाबी कातडं दिसत होतं.

"दुखलं का गं?" बाबांनी विचारलं.

"हो," कणी म्हणाली. "तीनदा."

बाबांनी मान खाली घातली. आणखी खाली. आणखी खाली. भिंतीवर मिरवणारा तो लाल तुरा मातीला टेकला.

"चुकलो, कणे," बाबा म्हणाले.

आता बाबांचा गाल अगदी कणीसमोर होता. कणी हसली. तिनं पंख काजळात बुडवला.

टिक्.

"हलू नका," बगळेमामा म्हणाले. "सावली आली. आता एकच."

बाबांनी आपली निळी, काळी, हिरवी, सोनेरी शेपूट कणीच्या मागे हळूच धरली. कणीच्या पाठीला वारा लागू नये म्हणून.

खट्.

फोटो निघाला. आणि सावली बगळेमामांच्या पायावर आली.

तो फोटो खुराड्यात लावला आहे. त्यात सगळे काळी तीट लावून उभे आहेत. बाबांची मान तेवढी सरळ नाही. ते खाली बघताहेत, कणीकडे. आणि कणी? कणी सरळ तुमच्याकडे बघते आहे. पिवळी पिवळी, एवढीशी. अजून एवढीशीच.

कणीची तीट लागली गालाला,
आमची गोष्ट गेली निजायला.

थांबा. वाटीत अजून एक टिपका उरलाय. तुमचा गाल कुठाय?

टिक्.